गप्प झालेलं दार

भिंगरीच्या मुठीत तीन खडे होते. काळे, टोकेरी, डांबराचा वास येणारे.

“हे कुठून आणलंस गं?” तिच्या आईने एकेक बोट सोडवत विचारलं.

“भाऊ,” भिंगरी म्हणाली. सव्वादोन वर्षांच्या तिच्या भाषेत भाऊ म्हणजे बाहेर.

आईच्या मांडीवर घडी घालायचे कपडे होते, ते तसेच खाली गेले. असली खडी घरात नव्हती, पुढच्या अंगणात नव्हती. होती ती फक्त मागच्या गल्लीत. तिथे आठवडाभर रस्त्याचं काम चाललं होतं आणि ट्रक मागे-मागे येत वळायचे. गल्लीत जायचं तर मागचं दार उघडायला हवं. आणि मागचं दार उघडलं की पॅसेजमधली पेटी ‘टुंग’ करते. सकाळपासून तिने एकही टुंग ऐकलं नव्हतं.

ती पेटी म्हणजे आधीच्या घरमालकांची ठेव. चोरांसाठी बसवलेला अलार्म. चोरांची भिंगरीच्या आईला फारशी भीती नव्हती. आलाच एखादा, तर त्याला कपड्यांच्या घड्या घालायला बसवू, असं ती नवऱ्याला म्हणायची. पण महिन्यापूर्वी भिंगरीला हँडल खाली ओढलं की दार उघडतं हा शोध लागला, आणि तेव्हापासून ते टुंग म्हणजे घरातलं आणखी एक माणूस झालं होतं. त्याच्या भरवशावर ती आंघोळ करायची, फोनवर बोलायची, कधी पाचेक मिनिटं डोळे मिटून पडायची.

तिने उठून मागच्या दाराची वरची कडी लावली.

“आई, तुम्ही मगाशी मागचं दार उघडलंत?”

“दहादा उघडलं,” सासूबाई बादली घेऊन येत म्हणाल्या. “कपडे काय हवेत वाळत घालू? आणि ती वरची कडी लावू नकोस बाई. माझा हात पोचत नाही, मग मी स्टूल घेऊन चढते, मग पडते, मग तुलाच दोघींना भरवावं लागेल.”

“तुम्ही उघडलंत तेव्हा टुंग झालं?”

सासूबाई थांबल्या. बादली खाली ठेवली. “अगंबाई. नाही गं झालं.”

आता दुसरी एखादी असती तर तिने आधी कपाळाला हात लावला असता. हिने कडी काढली आणि दार उघडलं. पेटीवर मागच्या दाराचा, तीन नंबरचा हिरवा दिवा तसाच, ढिम्म. बंद केलं. हिरवाच. मग पुढचं दार उघडलं. टुंग! एक नंबरचा दिवा लगेच विझला.

“म्हणजे पेटी जागी आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “तीनच नंबर झोपलाय.”

“झालं,” सासूबाई भिंगरीला कडेवर घेत म्हणाल्या. “तुझी आई आता जेवायची नाही.”

दाराच्या चौकटीला बोटाएवढी एक पांढरी डबी होती, तिच्या समोर दारावर चुंबक. दार बंद असलं की दोघं शेजारी, उघडलं की लांब. तिला वाटलं, चुंबकच बिघडलं असेल. फ्रिजवरचं मोठं चुंबक आणून डबीला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दिवा हिरवाच. बिघडलेली वस्तू काहीतरी चूक दाखवते. ही सगळं छान आहे असं सांगत होती. दार सताड उघडं, आणि पेटीच्या मते बंद. हे खोटं तिला कोण शिकवून गेलं, याचं कुतूहल भीतीच्याही पुढे धावायला लागलं.

तिने अलार्मवाल्याला फोन लावला.

“पाच दिवस तरी येता नाही येणार, मॅडम. दिवा लाल आहे का?”

“हिरवा.”

“मग काही झालेलं नाही.”

“दार उघडं आहे हो. मी दारात उभी राहून बोलतेय.”

त्याचाही आवाज बदलला, जणू तोही खुर्चीत पुढे सरकून बसला. “असं बघा. पेटीतून एक वायर निघते, दारापर्यंत जाते, दुसरी परत येते. दार बंद म्हणजे गोल पूर्ण. दार उघडलं की गोल तुटतो, आणि ती ओरडते. वायर कापली गेली असती तरी ओरडलीच असती. तुमची गप्प आहे, म्हणजे दारापर्यंत न जाता मध्येच कुठेतरी गोल पूर्ण झालाय. भिंतीचं काही काम काढलं होतंत?”

काढलं होतं. ओल येऊन पॅसेजमधली भिंतीच्या पायाची लाकडी पट्टी फुगली होती, ती सुताराने बदलून दिली होती. आणि आता तिला आठवलं. काल संध्याकाळी ती भिंगरीच्या डोक्याला साबण लावत असताना पेटी मिनिटभर कोकलली होती. ती साबणाच्या हातांनी बाहेर येईतो गप्पही झाली होती. “काही नाही ताई, धक्का लागला,” सुतार म्हणाला होता.

ती पॅसेजमध्ये चक्क पालथी पडली. भिंगरीला वाटलं खेळ आहे, म्हणून ती आईच्या पाठीवर बसली.

“काय शोधतेस?” सासूबाईंनी विचारलं.

“माहीत नाही. दिसलं की कळेल.”

पट्टी सुरेख बसली होती. माणूस हाताचा नेटका. खिळ्यांची डोकी आत दाबून वरून पुट्टी भरलेली, आणि खिळे कसे मोजून मारलेले. तिने वीत टाकून पाहिली. एक वीत चार बोटं, एक वीत चार बोटं, पुन्हा एक वीत चार बोटं. दाराअलीकडे मात्र दोन विती उलटल्या तरी खिळा नाही. एवढा काटेकोर माणूस एक खिळा विसरेल? विसरला नव्हता. त्याने तो टाळला होता.

“सापडलं,” ती जमिनीवरूनच म्हणाली.

तिने फोन करून बोलावलेला सुतार चार वाजता आला. कानावर पेन्सिल, खांद्याला पिशवी, साठीचा माणूस. तिने त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

“मामा, इथे खिळा का नाही मारलात?”

त्याने पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग सासूबाईंकडे.

“माझ्याकडे बघून उपयोग नाही, मिस्त्री,” सासूबाई म्हणाल्या. “तिने सकाळपासून भिंत वाचलीय.”

तो खाली बसला. पटाशी घालून हलक्या हाताने पट्टी सोडवली. मागे एक पांढरी वायर होती, कापलेली. पेटीकडच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली. दाराकडची टोकं भिंतीतल्या भोकात मागे सरकलेली, जेमतेम दिसत होती.

“पटाशी लागली,” तो म्हणाला. “पेटी बोंब मारायला लागली, घाबरलो. पलीकडची टोकं आत गेलेली. हातात दोन आली ती जोडली. गप्प झाली. म्हटलं, जमलं.” मग जरा दुखावल्यासारखं, “खिळा लागू नये म्हणून जागाही सोडली, ताई. नीट केलं होतं.”

हे इतकं खरं होतं की तिला रागवायला सुचेना. “मामा, दोघी एकाच घरातल्या. तुम्ही घरातल्या घरात सोयरीक करून टाकलीत. दाराकडची मंडळी बसली वाट बघत.”

तो हसला नाही. “म्हणजे दार…?”

“दार उघडलं तरी पेटीला कळत नाही. आज ही गल्लीत जाऊन आली. एकटी. ट्रक होते.”

सुताराने भिंगरीकडे पाहिलं. ती त्याची मोजपट्टी खेचून बाहेर काढण्यात गर्क होती. हातातली पटाशी त्याने जागा शोधून शोधून पिशवीच्या अगदी तळाशी ठेवली. बराच वेळ ठेवत राहिला.

“कसं करायचं सांगा,” तो म्हणाला.

अलार्मवाला फोनवर आला. त्याच्या सांगण्यावरून आधी पेटीची वीज बंद केली, आतल्या बॅटरीचं टोक काढलं. सुताराने भोक मोठं केलं आणि चिमट्याने दाराकडची टोकं अलगद ओढली. ती कान देऊन ऐकत सांगत होती, तो करत होता. पेटीकडची एक, दाराकडची एक. मग राहिलेल्या दोघी. त्याची जाड बोटं इतकी जपून चालली होती की सासूबाईसुद्धा टोमणा मारायच्या विसरल्या.

वीज आली. “उघड गं,” तिने भिंगरीला सांगितलं. भिंगरीने दोन्ही हातांनी हँडल ओढलं.

टुंग.

ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. दिवसभर न आलेलं रडू आता आलं, थोडंसंच. सासूबाईंनी पदराने तिचा नव्हे, भिंगरीचा चेहरा पुसला आणि म्हणाल्या, “ऊठ, जेवून घे.”

सुतार मात्र उठत नव्हता. कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवत होता.

“ताई, अशी पेटी अजून एका घरी होती,” तो म्हणाला. “पलीकडच्या वसाहतीत. पावसाळ्याआधी खिडकीची चौकट बसवली मी तिथे. तिथेही ओरडली होती.”

“आणि?”

“आणि गप्प केली.”

तिने डोळे पुसले. “कोण राहतं तिथे?”

“एक विसरभोळे आजोबा आणि त्यांची मुलगी. ती कामाला जाते. खिडकीला पेटी कशाला, म्हणून मी हसलो होतो.” तो थांबला. “का लावली असेल हो?”

“विचारा ना.”

“काय सांगू? मीच बिघडवलं म्हणून?”

“जे मला सांगितलंत तेच. मग पेटीकडची एक, खिडकीकडची एक. जमेल. मी फोनवर असेन.”

त्याने खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, नंबर शोधायला फार वेळ लावला. ती भिंगरीला मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी जमिनीवरच बसून राहिली. पलीकडे रिंग वाजत होती, तिलाही ऐकू येत होती. मग कुणीतरी उचलला.

“हॅलो,” सुतार म्हणाला, आणि त्याने घसा साफ केला. “ताई, मी सुतार बोलतोय, खिडकीवाला. नाही, नाही, खिडकी ठीक आहे. तुम्ही आता घरी आहात का? आणि आजोबा कुठे आहेत?”