भोंग्याच्या बापाची आरोळी

भोंग्याला भोंगा हे नाव गल्लीनं ठेवलं होतं, आणि गल्लीनं ठेवलेलं नाव काही सहजासहजी सुटत नाही. चाळिशीचा बाप्या, लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, चार वर्षांच्या मुलीचा बाप, तरी कोपऱ्यावरचा न्हावी मानेला फडकं गुंडाळताना विचारायचाच, "काय भोंगाशेठ, बारीक करू?" भोंग्याला त्याचा राग यायचा नाही. उलट छाती फुगायची. कारण तो भोंगा मुळात त्याचा नव्हताच, त्याच्या बापाचा होता.

कप्तानचे सिनेमे कुणी पाहिले नसतील तर सांगायला हवं. पहिल्या भागात खलनायकाचा एक माणूस दोरांच्या पुलावरून दरीत पडतो आणि पडताना ओरडतो. बस्स, एवढंच. सुरुवातीला जाड, मग मध्येच फाटलेली आणि शेवटाला भलतीकडेच चढलेली अशी ती आरोळी. लोकांना ती इतकी आवडली, इतकी आवडली, की पुढच्या तीन भागांतही कुणी उंचावरून पडलं की हीच आरोळी वाजवली गेली. प्रेक्षक तिची वाट बघत बसायचे आणि आली की तिच्या जोडीनं ओरडायचे. पोरं विहिरीत उडी मारताना ओरडायची. पुढे ती फोनवर वाजायला लागली. ज्याच्या गळ्यातून ती निघाली त्याचं तोंड मात्र कधी कुणी बघितलं नाही. सिनेमात पडण्याचं काम करणाऱ्यांची तोंडं कोण बघतो?

भोंग्याची आई, म्हणजे गल्लीची काकू, एका शिंप्याच्या दुकानात अल्टरेशनचं काम करायची. विजारी आखूड करायच्या, कंबरा ढिल्या करायच्या. "गावात कुणाचं पोट सुटलंय ते डॉक्टरच्या आधी मला कळतं," असं म्हणायची. जिभेला धार, पण पोटात माया. आणि त्याच पोटात एक खोटं, पस्तीस वर्षं दाबून ठेवलेलं.

झालं होतं असं. भोंगा पाच वर्षांचा असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पहिला भाग लागला. माणूस पडला, आरोळी घुमली, आणि काकूच्या तोंडून निघून गेलं, "हा तुझ्या बाबांचा आवाज." पोराचे डोळे बशीएवढे झाले. "बाबांना लागलं?" त्यानं विचारलं. आता पाच वर्षांच्या पोराला काय सांगावं? "छे रे, खाली गाद्या होत्या," ती म्हणाली. "उठून हसत हसत घरी आले, चहा प्यायले." मग बाबा गेले कसे? तापानं. झालं. एक खोटं बोललं की त्याला सोबत लागते, म्हणून दुसरं.

खाली गाद्या होत्या हे खरंच होतं. काकूचा नवरा गाद्यांवर पडला नाही, एवढंच. दोर सुटला आणि तो भलतीकडेच गेला. भोंगा तेव्हा रांगतही नव्हता. आठवड्यानं आवाजाच्या खात्यातला एक मदतनीस दारात येऊन ढसाढसा रडला. वाऱ्याचा आवाज घ्यायला त्यानं माइक चालू ठेवला होता. टेप त्यानं वरिष्ठांना दिली, फेकून द्यायची म्हणून. वरिष्ठांनी ती दोनदा ऐकली आणि म्हणाले, "असं पुन्हा मिळायचं नाही. ठेव."

म्हणजे सगळं जग ज्याच्यावर हसत होतं, शिट्ट्या मारत होतं, ते एका माणसाचं मरण होतं. आणि अख्ख्या गल्लीत हे फक्त काकूला ठाऊक होतं.

चौथ्या भागानंतर कप्तानचे गुडघे गेले म्हणे, आणि सिनेमे थांबले. अठरा वर्षं गेली. फोनवरच्या आरोळ्या विरल्या, पोरांना दुसरी वेडं लागली. काकूला वाटलं, सुटलो. मग एके दिवशी कोपऱ्यावर भलंमोठं पोस्टर लागलं: पिकल्या दाढीचा कप्तान, डोक्यावर तीच टोपी. पाचवा भाग! भोंगा लहान पोरासारखा नाचत घरी आला. आणि त्याच संध्याकाळी नात पलंगावर चढली, दोन्ही हात पसरले, आणि खाली उडी मारताना तिनं ती आरोळी ठोकली. आजोबांची. चार वर्षांच्या चिमुरड्या गळ्यातून.

"कुणी शिकवलं गं तुला हे?"

"बाबांनी!"

काकूच्या हातातली सुई बोटात घुसली. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती तडक स्टुडिओत गेली. तो मदतनीस आता तिथला मोठा साहेब झाला होता, टक्कल पडलेला, भिंतींना जाड कापड लावलेल्या खोलीत बसणारा. त्यानं तिला लगेच ओळखलं आणि उठून उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही?"

"ती आरोळी काढून टाका," काकू म्हणाली. बसलीसुद्धा नाही.

"वहिनी, लोक तेवढ्यासाठी तर येणार आहेत. पब्लिक बोंब मारेल."

"मारू दे. पब्लिकच्या घरचं कुणी मेलं नाही त्यात."

साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मुलाला विचारलंत?"

"त्याचं मी बघून घेते."

साहेब तयार झाला; ती टेप वरिष्ठांच्या हाती त्यानंच दिली होती. खरं तर काकूनं काहीच बघून घेतलं नव्हतं. तिला वाटलं, आरोळी नसली तर पोरगं दोन दिवस हळहळेल आणि विसरेल. बापाची दुसरी कसली खूण त्याच्याकडे नव्हती, ना चिठ्ठी, ना आठवण, एक लग्नातला फोटो तेवढा, तोही हललेला. हे सगळं तिला माहीत होतं. तरी तिनं ते केलं. माणूस आपल्याच माणसाच्या बाबतीत कधी कधी असा आंधळा होतो, त्याला इलाज नाही.

पहिल्या दिवशीचा दुपारचा खेळ. भोंग्यानं आईसाठी मधली खुर्ची धरली होती. हॉल खच्चून भरलेला, पण पोरासोरांनी नव्हे. सगळी पोक्त मंडळी, टोप्या घालून आलेली, आणि निम्म्यांच्या कंबरा काकूनंच ढिल्या केलेल्या. भोंगा डावीकडच्याला सांगून झाला, उजवीकडच्याला सांगून झाला, मग मागं वळून अख्ख्या रांगेला म्हणाला, "ती आरोळी माझ्या वडिलांची बरं का!" एका जाड्या गृहस्थानं उठून त्याच्याशी हात मिळवला. काकूशीही मिळवायला आला. तिचा हात बर्फासारखा गार होता.

दिवे गेले. कप्तान आला तेव्हा शिट्ट्यांनी छत हललं. तो जिना चढताना धापा टाकायला लागला तसं मागून कुणी ओरडलं, "आजोबा, जपून!" आणि सगळे पोट धरून हसले. प्रेमानंच. मग मध्यंतरानंतर तो जुना पूल आला, तीच दरी, तेच दोर. हॉल एकदम चिडीचूप. काकूला शेजारच्यांचे श्वास ऐकू यायला लागले. शेकडो माणसं छातीत हवा भरून बसली होती.

पडद्यावर एक माणूस घसरला, दोराला लोंबकळला आणि खाली गेला.

आवाज नाही. नुसता वारा.

काकूनं डोळे मिटले. सुटलो, असं तिच्या मनात आलंसुद्धा. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अरे?" दुसरा म्हणाला, "आरोळी कुठंय?" आणि मग कोपऱ्यातून एकानं ती स्वतःच ठोकली. मग दुसऱ्यानं. मग अख्ख्या हॉलनं. कुणाची चिरकी, कुणाची घोगरी, कुणाची हसत हसत. भिंती दुमदुमल्या. पडद्यावरचा माणूस केव्हाच दरीत गडप झाला होता, आणि इथं अंधारात जो तो त्याच्या जागी पडत होता.

भोंगा मात्र गप्प होता. तो पडद्याकडे बघत होता, कुणी त्याच्या ताटातला घास काढून घेतल्यासारखा. मग तो उठून उभा राहिला.

लहानपणापासून त्यानं ती आरोळी हजारदा ठोकली होती, पण गंमत म्हणून, शेवटाला हसू फुटायचंच. आज हसू नव्हतं. बापाची जागा रिकामी राहिली आणि ती त्यानं भरली. आरोळी सुरुवातीला जाड निघाली, मध्येच फाटली, आणि शेवटाला चढली. तीच. अगदी तीच. आजूबाजूचे ओरडायचे थांबले. कुणाच्या तरी अंगावर काटा आला असावा, कारण एक बाई म्हणाली, "अगं बाई गं!"

काकूनं उठून त्याच्या तोंडावर हात दाबला. पोराचे ओठ, दात, गरम श्वास तिच्या तळव्याला लागत होते आणि ती म्हणत होती, "पुरे. पुरे रे. पुरे."

बाहेर नुसता गोंधळ होता. "ही काय फसवणूक आहे?", "आरोळीशिवाय कसला कप्तान?", तो जाडा गृहस्थ तर तिकीटवाल्याच्या अंगावर धावून गेला होता. भोंग्यानं आईला खांबाआड नेलं.

"हात का ठेवलास?"

तिथंच, त्या कलकलाटात तिनं सांगितलं. गाद्या, दोर, माइक, टेप, सगळं. स्टुडिओत जाऊन आपणच ती काढायला लावली, हेही. पस्तीस वर्षांचं ओझं, आणि उतरवायला पॉपकॉर्न संपायला लागतो तेवढा वेळही लागला नाही.

भोंग्यानं खांबाला पाठ टेकली. मग म्हणाला, "मी माझ्या लग्नात ओरडलो, आई. स्टेजवरून."

"हो."

"लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की ओरडतो. घुमतं म्हणून. पोरीला शिकवली मी." त्याचा आवाज चिरकला. "आणि तू हसायचीस!"

"तू हसायचास म्हणून हसायचे," काकू म्हणाली. "त्याच आवाजात कुणीतरी हसतंय, एवढं तरी मला मिळायचं."

त्यानंतर घरात बोलणंच उरलं नाही. भोंगा कामाला जायचा, यायचा, जेवायचा. सुनेनं दोघांच्या तोंडाकडे बघून विचारणं सोडून दिलं. नात पलंगावर चढली की तो तिला उचलून खाली ठेवायचा, एक शब्द न बोलता. बाहेर मात्र बोंबाबोंब चालूच होती. लोकांनी इतका कालवा केला की स्टुडिओतल्या साहेबाचा फोन आला: वरून हुकूम आलाय, येत्या शुक्रवारपासून आरोळी परत घालणार, माफ करा वहिनी. काकूनं ते मुलाला सांगितलं. त्यानं मान हलवली. गल्लीत कुणी "काय भोंगाशेठ" म्हटलं तर तो आता ओ देत नव्हता.

मग एका सकाळी कामावर निघताना तो दाराशी बूट घालायला बसला आणि बसूनच राहिला. काकू काजं करत होती.

"आई," तो म्हणाला, "ते नुसते बोलायचे कसे?"

"म्हणजे?"

"ओरडत नसताना. घरात. साधं."

काकूनं सुई खाली ठेवली. आठवायला गेली. काहीच येईना. माणूस डोळ्यांसमोर येत होता, ओठ हलत होते, पण आवाज म्हणून यायची ती तीच आरोळी. एवढ्या वर्षांत त्या आरोळीनं बाकीचं सगळं खाऊन टाकलं होतं.

"शब्द आठवतात," ती कशीबशी म्हणाली. "आवाज गेला रे."

"शब्द सांग."

"असेच बूट घालायचे, दाराशी. त्या दिवशीही. म्हणाले, ‘निघतो गं. उशीर झाला तर जेवून घे.’"

भोंगा म्हणाला, "निघतो गं. उशीर झाला तर जेवून घे."

"असं नाही. तू पाठ म्हटल्यासारखं म्हणतोयस. ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. खाली मान, लेस ओढता ओढता, घाईत."

त्यानं मान खाली घातली. लेस ओढली. आणि अर्धवट पुटपुटत, दाराकडेच लक्ष असल्यासारखा म्हणाला,

"निघतो गं. उशीर झाला तर जेवून घे."

काकूच्या हातातलं कापड सुटलं.

"लवकर या हं," ती म्हणाली. "पोरगं वाट बघतं."

भोंग्याचे हात लेसवर थांबले. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातातला डबा तसाच. त्यानं मान वर केली नाही. त्याच आवाजात, खाली बघूनच तो म्हणाला,

"येतो."