दारिंकाचा गुडघा

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि गेली बारा वर्षं लेफ्ट विंगला हँडबॉल खेळत होते. नोव्हेंबरातल्या एका सामन्यात मी कोपऱ्यातून उडी मारून गोल केला, उतरताना डावा पाय टेकला आणि गुडघा आत वळला. फांदी मोडल्यासारखा आवाज झाला, पण तो मला एकटीलाच ऐकू आला. बाकावरच्या मुली गोलासाठी टाळ्या वाजवत होत्या. मी उठत नाहीये हे त्यांना जरा उशिरानंच कळलं.

लिगामेंट पार तुटलं होतं. जानेवारीत बेलग्रेडला ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची एक कंडरा काढून ती गुडघ्यात नवं लिगामेंट म्हणून बसवली आणि तिसऱ्या आठवड्यात मला बान्यात पाठवलं. तिथल्या गरम झऱ्यांशेजारच्या इस्पितळात आमच्या भागातले निम्मे मोडके हातपाय दुरुस्त होतात. खोली दोघींची होती. खिडकीकडची खाट दारिंकाची.

दारिंका सत्तेचाळीस वर्षांची, डोंगरातल्या सात गावांत टपाल आणि पेन्शन पोचवणारी पोस्टमन बाई. नव्या वर्षाच्या आधी कुणाच्या तरी फाटकाशी बर्फावरून घसरली. माझ्याच सर्जननं, माझ्याच आठवड्यात तिचं तसंच ऑपरेशन केलं होतं. जाडजूड, घोटे सुजल्यासारखे, खिडकीतून तोंड बाहेर काढून चोरून सिगारेट ओढायची. आयुष्यात तिनं एकदाही व्यायाम केला नव्हता, हे तिनंच मला पहिल्या दिवशी हसत हसत सांगितलं. मग पिशवीतून घरच्या आयवारची बाटली काढली आणि ब्रेडवर मिरच्यांची ती लाल चटणी जाड फासून मला दिली. मला ती आवडली होती. हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून कुणाला खरं वाटणार नाही.

दुसऱ्या सकाळी आम्हाला फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये नेलं. तिथं वुकामावशीचं राज्य होतं. वुकोसावा तिचं नाव. तीस वर्षं हेच काम केलेली, हात सुताराचे आणि सकाळी बर्फासारखे गार. तिच्याजवळ दोन पट्ट्यांचा एक कोनमापक होता. एक पट्टी मांडीला, दुसरी नडगीला लावून गुडघा किती अंश वाकतो ते ती मोजायची आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायची.

माझे बहात्तर आले. दारिंकाचे ऐंशी.

मला वाटलं मोजण्यात चूक झाली. मी पुन्हा मोजायला लावलं. बहात्तरच.

आता हसू येतं, पण तेव्हा मनात जे जळलं ते मला अजून आठवतं. शाळेपासून कुठल्याही खोलीत शिरले तर तिथं सगळ्यात चांगलं शरीर माझं असायचं. पळण्यात मी पहिली, उडीत मी पहिली. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. शिक्षण अर्धवट, लग्न दोन वर्षांत मोडलेलं. आणि इथं शेजारच्या गादीवर एक सिगारेट ओढणारी बाई टाच सहज मागे ओढत होती आणि वर वुकामावशीला शेजाऱ्यांच्या डुकराची गोष्ट सांगत होती.

दर दोन दिवसांनी मोजमाप व्हायचं. माझे अठ्ठ्याहत्तर, तिचे नव्वद. माझे पंच्याऐंशी, तिचे अठ्ठ्याण्णव. वुकामावशी मला म्हणाली की तू दुखणार म्हणून आधीच मांडी आवळून धरतेस. दारिंकाकडे बघ, ती पाय कणकेच्या गोळ्यासारखा सोडून देते. दारिंकाकडे बघ. हे मी दिवसातून चार वेळा ऐकायचे.

रविवारी तर बघायलाच नको. माझ्या संघातल्या मुली पहिल्या आठवड्यात केक घेऊन आल्या, फोटो काढले आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. दारिंकाकडे मात्र सात गावांतली माणसं रांग लावून यायची. एका म्हाताऱ्यानं धुरावलेलं मांस फडक्यात बांधून आणलं. एका बाईनं लोकरीचे मोजे विणून आणले, त्यातला डावा मुद्दाम सैल, सुजेसाठी. ते सगळे तिला सांगायचे की नवा पोस्टमन भुंकणाऱ्या कुत्र्याला भितो आणि पेन्शन फाटकातूनच देऊन जातो, कॉफीलासुद्धा थांबत नाही. मी पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून फोनवर आमच्या संघाचा सामना बघायचे. माझ्या जागी एकोणीस वर्षांची नवी मुलगी खेळत होती. तिनं सहा गोल केले.

मी चोरून जास्त व्यायाम करायला लागले. दुपारी सगळे झोपले की न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून दोन्ही हातांनी टाच ओढायची, दात आवळून. चौथ्या दिवशी गुडघा टरबुजासारखा फुगला. वुकामावशीनं काही विचारलं नाही, हात लावताच तिला कळलं. तिनं बर्फ बांधला आणि दोन दिवस मला गादीवर चढू दिलं नाही. त्यानंतर मोजलं तर माझे ऐंशी. त्याच सकाळी दारिंकाचे एकशे दहा झाले आणि हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी खोलीत दारिंका खाटेवर बसून पाय हलवून बघत होती. वाकवताना तिच्या गुडघ्यातून कट्‌ असा आवाज यायचा. ती मला म्हणाली, "झोराना, तुला कळतं यातलं. हा आवाज कसला गं?"

माझ्याही गुडघ्यातून तो आवाज येत होता. आमच्या संघात तर निम्म्या जणींचे गुडघे वाजतात. त्यात काही नसतं, हे मला पक्कं माहीत होतं.

मी म्हणाले, "तो आवाज बरा नाही. नवं लिगामेंट ताणून सैल व्हायला लागलं की येतो."

ती थांबली. मी पुढे बोलतच गेले. सांगितलं की आमच्यातल्या एकीचं असंच झालं, फार लवकर फार वाकवला, लिगामेंट सुटलं, पुन्हा सगळं ऑपरेशन. तशी मुलगी कुणी नव्हती. तुमच्या वयात तर दुसऱ्यांदा करतीलच असं नाही, हेही म्हणाले.

"पण वुका तर म्हणते वाकव."

"वुकामावशीला आकडे हवे असतात. गुडघा तुमचा आहे."

दारिंकानं पाय हळूच सरळ केला आणि त्यावर पांघरूण ओढलं, जसं एखाद्या लेकरावर ओढावं तसं. मला म्हणाली, सांगितलंस ते बरं केलंस.

दुसऱ्या दिवसापासून दारिंका मांडी आवळायला लागली. वुकामावशीचा हात लागला की तिचा श्वास अडकायचा. एकशे दहाचे एकशे चार झाले, मग शंभर. वुकामावशी चक्रावली, गोड बोलून झालं, रागावून झालं. दारिंका नुसती म्हणायची, दुखतं. माझं नाव तिनं घेतलं नाही, कारण मी तिच्या भल्यासाठी एक गुपित सांगितलं आहे असं तिला वाटत होतं. मी शेजारच्या गादीवर पाय सैल सोडायला शिकत होते. आम्ही घरी गेलो त्या दिवशी माझे एकशे सोळा होते आणि तिचे ब्याण्णव. त्या दिवशी मी खूश होते. खोटं कशाला बोलू.

महिन्यानं दोघींना तपासणीसाठी बोलावलं. माझा गुडघा एकशे तीसच्या वर वाकला. दारिंका काठी घेऊन आली होती. घरी तिनं काहीच केलं नव्हतं, पाय उशीवर ठेवून बसून राहिली होती. तिचे पंच्याहत्तर आले. डॉक्टरांनी सांगितलं की आत सगळं चिकटून बसलंय, आता भूल देऊन गुडघा जोरानं वाकवावा लागेल, आणि त्यानंतरही पूर्ण येईल याची खात्री नाही. दारिंकानं एवढंच विचारलं की चढावर चालता येईल का. तिच्या सातातली पाच गावं चढावर आहेत. डॉक्टर म्हणाले, बघू.

मी बाहेर बाकावर बसले होते. दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं. आधी, अगदी पहिल्यांदा, मनात आलं की मी पुढे आहे. आणि मग मनात काय आलं ते माझं मलाच कळलं.

मी वुकामावशीकडे गेले. ती गाद्यांवर धुतलेल्या चादरी घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, मग तीच दारिंकाला सांगेल आणि माझी सुटका होईल. तिनं चादरीचा कोपरा नीट खोचला.

"हे माझ्यापाशी आणून टाकू नकोस," ती म्हणाली. "ती अजून वरच आहे. जा."

दारिंका जिन्याजवळ कोट घालत होती. मी तिच्यासमोर उभी राहून सांगितलं की त्या आवाजात काहीही नसतं, मी खोटं बोलले, तशी कुणी मुलगी नव्हती.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"का?" तिनं विचारलं.

"तुमचा गुडघा माझ्यापेक्षा जास्त वाकत होता म्हणून."

तिनं आवाज चढवला नाही. "मी डॉक्टरपेक्षा तुझा शब्द मोठा धरला," ती म्हणाली. "म्हटलं, खेळाडू आहे, सोसलेली आहे." कोटाचं शेवटचं बटण लावून ती काठी टेकत निघून गेली.

भूल देऊन गुडघा वाकवला त्या दिवशी मी इस्पितळात गेले. तिनं मला खोलीत येऊ दिलं नाही. मी वुकामावशीकडून निरोप पाठवला, उत्तर नाही. तीन दिवसांनी मात्र वुकामावशीचा फोन आला. अशा गुडघ्याला दिवसातून पाच वेळा हलवावं लागतं, नाहीतर तो पुन्हा धरतो. वुकामावशी दोन वेळा करत होती, बाकीच्या तीन वेळांना माणूस हवा होता. दारिंकानं माझं नाव सांगितलं होतं.

मी गेले तर ती खाटेवर पाय मोकळा करून बसली होती.

"तुला माफी मागून मोकळं व्हायचंय ना," ती म्हणाली. "तसं नाही जमणार. बस इथं आणि वाकव. मी ओरडेन ते ऐक."

ती ओरडली. पहिल्या दिवशी तिनं मला, माझ्या आईला आणि माझ्या सगळ्या संघाला शिव्या दिल्या, डोंगरातल्या बायकाच देऊ शकतात तशा. मी तिची टाच धरून एक एक अंश मागे नेत होते. तिची मांडी माझ्या हाताखाली आवळली जायची, आणि ती भीती मी घातलेली आहे हे मला दर वेळी कळायचं. सोळा दिवस मी रोज सकाळच्या बसनं यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परतायचे. बोलणं फारसं नव्हतं. ती कॉफी मागायची, मी आणून द्यायचे. दहाव्या दिवशी तिनं विचारलं की तुझ्या जागी ती पोरगी अजून खेळते का. मी हो म्हटलं. चांगली आहे का? मी म्हटलं, माझ्याहून चांगली.

"मग तिलाही काही सांगितलंस का?" दारिंका म्हणाली. ती हसत नव्हती. मीही हसले नाही.

तिचा गुडघा एकशे अठरापर्यंत आला आणि तिथं थांबला. चालायला पुरेसा, पण बर्फातल्या चढावरून जड पिशवी घेऊन जायला पुरेसा नाही. टपाल खात्यानं तिला खाली शहरात खिडकीवर बसवलं. सात गावं त्या नव्या पोस्टमनकडेच राहिली. मी ऑक्टोबरात परत मैदानावर उतरले, अकरा मिनिटं. ती मुलगी बाकावरून उठून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती, आणि नंतर तिची उडी बघून माझ्या मनात पुन्हा तसंच जळलं. ते गेलेलं नाही. आता ते आलं की मी ओळखते आणि तोंड मिटून घेते, एवढंच.

नोव्हेंबरात संत दिमित्रीच्या दिवशी दारिंकाच्या घरची स्लावा असते. घरच्या संताच्या सणाला आमच्याकडे कुणी बोलावणं धाडत नाही, ज्याला यायचं तो येतो. मी राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली घेऊन डोंगरातल्या तिच्या घरी गेले. दारातून परत फिरण्याची तयारी ठेवूनच गेले होते. आत वीस-पंचवीस माणसं टेबलाला चिकटून बसली होती, त्यातले बरेच चेहरे इस्पितळातल्या रविवारांचे होते. दारिंकानं रीतीप्रमाणे शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा माझ्यापुढे धरला. मी खाल्ला.

मग ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, "ही झोराना. खोटं बोलून हिनं माझा गुडघा आखडवला. मग सोळा दिवस बसनं येऊन जेवढा सोडवता आला तेवढा हिनंच सोडवला. दोन्ही हिचंच काम आहे."

 मोजे विणणारी ती बाई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत काही मऊ नव्हतं. मला बाटली टेबलावर ठेवून निघून जावंसं वाटलं.

"मिलुनका, सरक जरा," दारिंका त्या बाईला म्हणाली. "हिला बसू दे."

मिलुनका लगेच सरकली नाही. मग सरकली, जेमतेम अर्ध्या माणसाची जागा होईल इतकी. मी तिथं बसले. दारिंका सूप आणायला स्वयंपाकघरात गेली, एका हातानं भिंत धरत, डावा पाय जरा बाहेर टाकत. कुणी तरी माझ्यापुढे ताटली ठेवली.