चेकपॉइंट पाचवरची बाई

“केळी भरपूर आहेत, पाणी मात्र तासाभरात संपेल,” डोंगरावरच्या चेकपॉइंट पाचवरून शुभाने रेडिओवर इंग्रजीत सांगितलं, शेवटी रेडिओ परवान्यावरची आपली सहा अक्षर-आकड्यांची खूण म्हटली आणि बटण सोडलं. खाली सॅराटोगातल्या एका शाळेच्या मैदानावर बेस, म्हणजे सगळ्या रेडिओंचं मुख्य ठाणं होतं. तिथून म्हाताऱ्या वॉल्टरचा आवाज आला, “मिळालं, पाच. पाणी पाठवतो.”

“दॅट्स इट? एवढंच?” टेबलावर केळी मांडणाऱ्या अनिकाने विचारलं. अनिका शुभाच्या मैत्रिणीची मुलगी, कॉलेजात पहिल्या वर्षाला. “मी बोलू? प्लीज, शुभा मावशी. जस्ट वन्स.”

“माझ्या शेजारी उभी राहून बोल हवं तर. पण हा घेऊन तिकडे गेलीस तर ते इल्लीगल. लायसन माझं आहे.”

“मावशी, इट्स अ वॉकी-टॉकी!”

“तो खेळण्यातला. हा नाही. आणि अँटेना डोळ्याजवळ नेऊ नकोस.”

अनिकाने डोळे फिरवले आणि पुन्हा केळ्यांकडे वळली. शुभाला हसू आलं. दोन हजार चार सालचा मे महिना होता. डोंगरात शिरलं की मोबाइल मुका होई, आणि त्याचं कुणाला आश्चर्यही वाटत नसे. म्हणूनच धर्मादाय सायकल-फेरीच्या वाटेवर दर चार-पाच मैलांना हातात छोटा रेडिओ घेतलेला एकेक हौशी माणूस उभा असायचा. बहुतेक सगळे पिकल्या केसांचे अमेरिकन पुरुष. त्यांच्यात पंजाबी ड्रेसवर केशरी जाकीट चढवलेली शुभा एकटीच.

हे वेड तिला नागपुरात लागलेलं. तिचे बाबा पोलिसांच्या बिनतारी विभागात होते. पोलीस लाईन टाकळीच्या क्वार्टरमध्ये रात्रपाळी करून आले की ते आंघोळीआधी लेकीशी ‘वायरलेस’ खेळत. खऱ्या सेटला त्यांनी तिला जन्मात हात लावू दिला नाही. तो सरकारचा. घरी चालायची ती साबणाची डबी. तीही नीट तोंडापासून चार बोटं लांब धरायची.

“काऊन लगेच बोलून राहिली तू?” ते म्हणत. “बटण दाबलं की आधी एक दम घे. मंग बोल. नाही तं पहिला शब्द हवेतच जाते.” आणि दुसऱ्याचा निरोप पुढे द्यायचा असेल तर आपल्या पदरचा एक शब्दही त्यात घालायचा नाही, यावर तर ते हटूनच बसत. सहा वर्षांची शुभा डबीतून आईला निरोप द्यायची: चहा पाहिजे, साखर कमी. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “सरळ येऊन सांग नं, पोरी!”

पुढे ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली, केदारशी लग्न झालं आणि दोन हजार एकमध्ये सनीव्हेलच्या एका दुमजली अपार्टमेंटमध्ये येऊन पडली. केदार चिपच्या कंपनीत, आणि ती त्याच्या व्हिसावर ‘डिपेंडंट’. नोकरी करायची नाही. पहिले सहा महिने तिने कार्पेटचा रंग इतका पाहिला की स्वप्नातही तोच दिसायचा. मग एके दिवशी वाचनालयाच्या भिंतीवर कागद दिसला: हौशी रेडिओ परवान्याची परीक्षा, शनिवारी, फायर स्टेशनच्या हॉलमध्ये. नागरिक असलंच पाहिजे अशी अट नाही. ती गेली. तीन म्हाताऱ्यांसमोर बसून पस्तीस प्रश्न सोडवले आणि दहा दिवसांत परवाना नावावर झाला. केदारच्या नव्हे, तिच्या.

कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून तिने नागपूरला फोन लावला होता.

“दहा दिवसात?” बाबा म्हणाले. “पोलीस चौकशी?”

“नाही, बाबा.”

“मंग त्याले लायसन काऊन म्हणून राहिले?” असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता त्यांनी फोन आईकडे दिला. बाबांना रडू आलं की ते फोन आईकडे देत.

या रेडिओवरच्या कामाचा मोबदला घ्यायचा नाही, असा कायदाच होता. तिला मोबदला घेऊन काम करायला तिच्या व्हिसाची बंदी. दोन्ही कायदे एकमेकांत असे फिट्ट बसले की अमेरिकेत तिला छातीठोकपणे करता येण्याजोगं हे एकच काम उरलं. केदार त्याला ‘हिचं आकाशवाणी केंद्र’ म्हणायचा. पार्टीत कुणी विचारलं, “वहिनी काय करतात?” की हमखास हेच. सगळे हसत, तीही हसे. पण घरी आल्यावर भांडी जरा जास्तच आपटली जात.

यंदा मात्र केदारनेच फेरीत नाव घातलं. ऑफिसातल्या खुर्चीने पोट सुटलंय म्हणाला. थोड्या वेळापूर्वी तो घामाने निथळत तिच्या चेकपॉइंटवर पोचला होता.

“काय आकाशवाणी, ठीक?” त्याने पाण्याचा ग्लास रिकामा केला. “खांदा जाम आखडलाय यार.”

तेवढ्यात वॉल्टरने हाक मारली होती. शुभाने एक बोट वर करून केदारला थांब म्हटलं, वॉल्टरचा निरोप ऐकून घेतला, आणि वळून पाहते तो स्वारी उतारावर दिसेनाशी झालेली. “जपून रे!” ती मागून ओरडली होती.

अकराच्या सुमाराला रेडिओत खरखरत एक आवाज आला. “इमर्जन्सी. बेस, चेकपॉइंट सहा. इमर्जन्सी.”

तो एड होता, निवृत्त पोस्टमन. पाच मैल खाली, दरीच्या तळाशी त्याची जागा. वॉल्टर मात्र चेकपॉइंट दोनला केळ्यांचा हिशेब विचारत राहिला. शुभाच्या लक्षात आलं: मधे डोंगर आडवा. एडचा आवाज बेसपर्यंत पोचतच नव्हता. तो फक्त तिला ऐकू येत होता, कारण ती वर होती.

तिने बटण दाबलं. एक श्वास घेतला.

“सगळे थांबा. इमर्जन्सी. बेस, सहाचा निरोप माझ्यामार्फत. सहा, बोला.”

हवा एकदम शांत झाली. एडचा आवाज तुटत होता. शुभा रस्त्याकडेच्या एका खडकावर चढली, दोन पावलं डावीकडे सरकली. तिथे तो स्वच्छ आला.

“सायकलस्वार पडलाय. पुरुष, चाळिशीच्या आसपास. छातीत दुखतंय, खूप घाम. शुद्धीवर आहे. नंबर दोनशे सतरा.”

रेडिओवर माणसाचं नाव घ्यायचं नसतं. कुणीही ऐकत असतं. म्हणून नुसता नंबर. सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून शुभानेच तो नंबर चार पिनांनी केदारच्या पाठीवर लावला होता.

“बेस, सहा सांगतोय,” ती म्हणाली, आणि सगळा निरोप शब्दाला शब्द पुढे दिला. नंबरसुद्धा.

अनिका टेबलावरची यादी घेऊन धावत आली. “मावशी, हे... धिस इज केदार काका! तुम्ही जा. गाडी घेऊन जा. गिव्ह इट टु मी, मी बोलते. आता इल्लीगल नाही ना?”

नव्हतं. जिवावर बेतलं असेल तर कुणीही रेडिओ हाती घ्यावा, कायदा अडवत नाही. शुभाला हे पाठ होतं. तिला कुणी अडवलं नव्हतं. खाली रस्त्यावर गाडी होती, चावी खिशात होती, आणि पाच मैलांवर तिचा नवरा धुळीत पडला होता. तिला जायचं होतं. किंचाळत जायचं होतं. पण कुठे उभं राहायचं, एडचे अर्धे तुटलेले शब्द कसे लावायचे, हे पोरीला कुठलं समजायला? एक शब्द हुकला तर अँब्युलन्स भलत्याच वळणावर गेली असती.

“तू वही घे,” ती म्हणाली. “मी बोलते ते लिही. टाइम टाकून.”

निरोप वर-खाली होत राहिले. कुठलं वळण. रस्ता कुठून मोकळा. श्वास चालू आहे का. आहे. अँब्युलन्स निघाली, वीस मिनिटं. आपलाच आवाज शुभाला परका वाटत होता, कुणा भलत्याच बाईचा.

मग वॉल्टर म्हणाला, “पाच, सहाला सांग. अँब्युलन्सवाले विचारतायत, ऍस्पिरिन आहे का? ऍलर्जी नसेल तर एक चावायला द्या.”

तिने ते पुढे दिलं. एड म्हणाला, “माझ्या पेटीत आहे. तो मान हलवतोय, ऍलर्जी नाही म्हणतोय. देतो.”

मान हलवतोय! तो काय मान हलवणार कपाळ! लग्नाच्या पहिल्याच वर्षी डोकं दुखतं म्हणून घेतलेल्या त्याच एका गोळीने त्याचे ओठ सुजले होते, श्वास कोंडला होता, आणि पुण्यात मध्यरात्री रिक्षात घालून त्याला न्यावं लागलं होतं. हा माणूस स्वतःची औषधं कधी लक्षात ठेवेल तर शपथ.

दुसऱ्याच्या निरोपात पदरचं घालायचं नाही. शुभाने बटण दाबलं.

“सहा, थांबा. ऍस्पिरिन देऊ नका. पेशंटला ऍस्पिरिन चालत नाही, श्वास अडकतो. बेस, अँब्युलन्सला हेच सांगा.”

वॉल्टरचा आवाज कडक झाला. “पाच, हे सहाने कळवलंय का?”

“नाही. हा निरोप पाचचा आहे.”

“पाच, तुला कसं माहीत?”

“मी त्याची बायको आहे.”

त्या वाटेवर चौदा रेडिओ होते, चौदाही ऐकत होते. शेजारी अनिकाचं पेन थांबलं होतं.

“मिळालं, पाच,” वॉल्टर अखेर म्हणाला. “ऍस्पिरिन नाही. पाच, तुझ्या जागी माणूस पाठवतोय. तू निघ.”

“पाठवा. तो येईपर्यंत मी आहे.”

पंचवीस मिनिटं ती त्या खडकावरून हलली नाही. अँब्युलन्स पोचल्याचं तिनेच बेसला सांगितलं, केदारला आत घेतल्याचंही, कुठल्या हॉस्पिटलला नेतायत तेही. मग एक जाडजूड माणूस पिकअपमधून धापा टाकत आला. शुभाने त्याला हाताला धरून खडकावर चढवलं, नेमकं कुठे उभं राहायचं ते दाखवलं, आणि अनिकाने लिहिलेल्या वहीच्या शेवटच्या ओळीखाली सही केली. मगच खिशातली चावी काढली.

संध्याकाळी चारला नर्सने तिला आत सोडलं. अडकलेली रक्तवाहिनी उघडली होती, धोका टळला होता. निळ्या झग्यातला केदार एकदम लहान दिसत होता. त्याची दाढी तेवढी वाढलेली वाटत होती, सकाळीच केलेली असूनही.

ती खुर्ची ओढून बसली. पाच-सहा तासांपूर्वी या माणसाचं म्हणणं आपण बोट वर करून थांबवलं होतं, हे तिच्या मनातून जाईना. खांदा आखडलाय म्हणाला होता तो. तिने ऐकलंच नव्हतं.

“त्या म्हाताऱ्याचा रेडिओ माझ्या डोक्याशीच होता,” केदार हळू आवाजात म्हणाला. “तू बोलत होतीस ना, सगळं ऐकलं मी. पहिल्यापासून.”

शुभाने त्याच्याकडे पाहिलं.

“इतकी शांत बोलत होतीस यार. मला वाटलं, हिचा आवाज असा आहे म्हणजे मला काही फार झालेलं नसणार.” त्याने उशीवरच तिच्याकडे मान वळवली. “मी त्या आवाजाला धरून पडलो होतो, शुभा.”

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शब्दच फुटेना. दिवसभर एकदाही न चुकलेला तो आवाज कुठे गेला कोण जाणे. तिने पुन्हा प्रयत्न केला.

केदारने सलाइन लावलेला हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि ती बोलेपर्यंत गप्प पडून राहिला.