चहाखालचा नकाशा

सोमवारी सकाळी दहा वाजायला पाच मिनिटे असताना, पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर, चहाचे चार कप पाठीवर घेऊन मी पडून होते.

मित्रांनो, मी एक जुनी पॉलिस्टरची फिल्म आहे. प्लास्टिक म्हटले की तुम्ही नाक मुरडता. पण सगळी प्लास्टिके एकाच माळेचे मणी नव्हेत. कारखान्यात मला लांबीरुंदीला ताणून, त्याच ताणात तापवून स्थिर केले. म्हणून मी पातळ असूनही चिवट आहे, आणि कागदासारखी दमट हवेने फुगत नाही. माझ्या खरखरीत बाजूवर इथल्या आरेखकबाईंनी शहरातल्या पाण्याच्या आणि गॅसच्या भूमिगत नळांचा नकाशा शाईने काढला. त्यांची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची, असे सारे म्हणत.

बाई निवृत्त झाल्या. चहा चटकन पुसला जातो, एवढ्याच गुणासाठी मला उलटे करून टेबलावर अंथरले. त्याला नऊ वर्षे झाली.

त्या सोमवारी, कार्यालयाबाहेरच्या चौकात खोदकामाची तयारी पाहत, बाई ओळखपत्र बदलायला आल्या आणि कपांखाली माझ्यातून आरपार दिसणाऱ्या स्वतःच्या रेघा पाहून थबकल्या.

"चौकातलं खोदकाम कशावरून मोजलं?"

"याच नकाशाच्या भिंतीवरच्या कागदी प्रतीवरून," शिपाई म्हणाला. "साहेब घेऊन गेलेत. दहाला सुरू होईल."

"त्या ओल्या भिंतीवरच्या?"

साहेबांचा फोन नुसताच वाजत राहिला. बाईंनी कप बाजूला केले, मला गुंडाळले आणि चौक गाठला. खोदयंत्राचा लोखंडी हात वर उचललेला होता. बाई थेट त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"आजी, जिवावर उदार झालात का?" चालक ओरडला.

"मी नाही, तू झालायस. बंद कर ते."

साहेब वैतागले. "बाई, हे टेबलावरचं घेऊन कुठं आलात?"

"तुमच्या कागदाशेजारी धरा की."

शाळेच्या कोपऱ्यापासून गॅसच्या नळापर्यंत दोन्हींवर पट्टी लावली. फरक तीन मिलिमीटरांचा, म्हणजे जमिनीवर दीड मीटरचा. फुगलेल्या कागदाने गॅसचा नळ तेवढा पलीकडे ढकलला होता. चालकाने फावड्याने जपून माती काढली. हातभर खाली पिवळा नळ निघाला, नेमका यंत्राच्या दातांखाली. चालकाने यंत्राची किल्ली काढून खिशात टाकली.

मित्रांनो, मी ताण सोसते. पण कड एकदा चिरली की सरळ फाटत जाते. मला सपाट ठेवा, घडी घालू नका.

दुपारी मी पुन्हा टेबलावर, पण सुलटी; शिपाई चहा घेऊन आला. साहेबांनी त्याचा हात मध्येच अडवला.

"कप हातात द्या. यावर आता काही ठेवायचं नाही."