वसईवाले बरे की कोकणवाले

शैलाबाईंच्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं, हातात क्लिपबोर्ड होता आणि तोंडात पुण्याचं स्वच्छ मराठी होतं. आमची माणसं तिन्हीला भुलली. अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

२००३ सालची गोष्ट. माझा नवरा मॅक्सिम मस्कतमध्ये एसीची कामं घेणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. कंपनीत मराठी माणसं दोनच जातीची: आम्ही वसईचे ख्रिस्ती आणि सिंधुदुर्गाकडचे हिंदू. आम्ही ऑफिसात आणि स्टोअरमध्ये, ते शिडीवर आणि गच्चीवर. आमच्यातले बरेच जण मस्कतमधल्या रुवी भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायकापोरांसह राहायचे आणि अर्धा पगार घरमालकाला द्यायचे. त्यांच्या बायका गावी, आणि ते कंपनीच्या लेबर कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जण.

त्या वर्षी कंपनीने वादी कबीरला स्वतःची इमारत बांधून पुरी केली. वरच्या दोन मजल्यांवर फॅमिली क्वार्टर होणार, अशी बातमी सगळीकडे झाली. क्वार्टर थोडे आणि माणसं जास्त, तेव्हा पर्सोनेल मॅनेजरने डोकं चालवलं. पुण्याहून एक बाई बोलावल्या. त्या म्हणे दोन्ही गटांची आर्थिक स्थिती तपासून तुलना करणार होत्या. ज्यांची स्थिती वाईट, त्यांना घरं.

एकाच किनाऱ्यावरची माणसं. आम्हालाही माशांशिवाय जेवण जात नाही आणि त्यांनाही. पण तागडीत घालून तोलायचं ठरलं आणि चार दिवसांत चर्चबाहेर कुजबुज सुरू झाली: "त्या लोकांना काय घरं? ते तर पैसे साठवतात." मी तिथल्या तिथे विचारलं, "तू कुणाची बँक बघून आलास?" तर मॅक्सिमने माझा कोपर दाबला.

मला त्या क्वार्टरची आशा नव्हती असं नाही. पण भिकाजीची आशा वेगळी होती. तो आणि मॅक्सिम एकाच विमानाने मस्कतला उतरलेले, तेव्हापासूनची ओळख. आता तो फोरमन झाला होता, बायकोचा व्हिसा मिळेल एवढा त्याचा पगार झाला होता. अडत होतं ते घरावाचून, कारण घराचा पत्ता नसेल तर अर्जच पुढे जात नाही. एकदा आमचा एसी उघडून बसला असताना त्याने मान वर न करता मला मुलीविषयी विचारलं होतं, "बाय, सोनलक हयच्या शाळेत घेतीत काय ओ? पाचवीत आसा. इंग्लिश कच्चा तिचा." मी म्हटलं, "घेतील की. प्रेमाचा पासपोर्ट काढलास?" त्याने फिल्टर झटकला आणि म्हणाला, "काढलोसा गेल्या वर्षी." बस्स. पण घरी गेलेला माणूस बायकोचा पासपोर्ट काढून येतो तो काही फोटो बघायला नाही.

तर शैलाबाई आल्या. आधी आमच्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, ज्यांची स्थिती वाईट त्यांना घर मिळणार, मग आमच्या लोकांनी जरा फाटकं दिसायला हवं होतं. साधी गोष्ट. पण वसईच्या माणसाकडे पुण्याची बाई घर बघायला येणार आणि तो तिला तडा गेलेल्या कपात चहा देणार? जीव गेला तरी नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या केल्विनकडची पाहणी उरकताच त्याचा सोफा चार जणांनी उचलून आमच्या घरात आणला. खालच्या मजल्यावरच्या जेनेटचा निळ्या फुलांचा डिनर सेट शैलाबाईंच्या पुढे पुढे एकेक मजला चढत होता. आमच्याकडे त्यातल्या बशीत केक, वर लिनेटकडे त्याच बशीत कटलेट. लिनेटने तर माहेरच्या बांगड्या घातल्या होत्या. मी मॅक्सिमला म्हटलं, "अरे, आपल्याला घर पाहिजे की शाबासकी?" तो म्हणाला, "मार्गारेट, पाहुणी आहे ती. आपली काही इज्जत आहे की नाही?" आणि स्वतः दारात उभा राहून वाकून म्हणाला, "या, या, देवाच्या कृपेने सगळं व्यवस्थित आहे."

शैलाबाई सोफ्यावर बसल्या. त्यांनी सोफा लिहून घेतला.

कॅम्पवर पुरुषांच्या खोल्यांत एकटं जायला त्यांना अवघडल्यासारखं वाटलं, म्हणून मला बरोबर नेलं. तिथे सगळं उलट. एरवी खोलीत टेपरेकॉर्डर असतो, भिंतीला इस्त्रीचे शर्ट असतात, गावी न्यायला घेतलेली ब्लँकेटं असतात. त्या दिवशी सगळं पलंगाखाली, वर चादर ओढलेली. परक्या माणसाला आपलं काय आहे ते दाखवायचं नाही, नजर लागते, हे त्यांच्या रक्तातच. एकुलती एक खुर्ची बाईंना, कोकमाचं सरबत दोघींना, आणि आठ पुरुष भिंतीला टेकून उभे, लग्नासाठी दाखवायला आणलेल्या मुलीसारखे.

बाईंनी एकेकाला तेच विचारलं. जेवण कसं? बरां आसा. झोपायला जागा पुरते? पुरता. मग क्लिपबोर्डचं पान उलटून भिकाजीकडे बघत त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पत्नीला इथे आणण्याची गरज वाटते का?"

खोलीतले सात सोबती शेजारी. समोर दोन बायका, त्यातली एक परकी. भिकाजीचे कान लाल झाले. कुणीतरी हसू दाबलं. भिकाजी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "नाय ओ. गावाक बरी आसा ती. हय येवन काय करतली?"

आणि बाकीच्या सातांनीही तेच सांगितलं. एकाने सांगितल्यावर दुसरा वेगळं कसं बोलणार?

बाहेर आल्यावर मी बाईंना म्हटलं, "हे उत्तर खरं नाही. बायको हवी का असं आठ पुरुषांत उभं करून विचारल्यावर कोकणातला माणूस हो म्हणेल का?" त्या गोड हसल्या. "मार्गारेटताई, उत्तरदात्याने जे सांगितलं तेच नोंदवायचं असतं. आपण आपलं मत मिसळायचं नाही." उत्तरदाता म्हणे! मी गप्प बसले, कारण टॅक्सी आली. ती आली नसती तर बरं झालं असतं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी कंपनीच्या कँटीनमध्ये अहवाल वाचायचं ठरलं. सगळ्यांना बिर्याणी, घरच्यांनाही आमंत्रण. एका बाजूला आमची माणसं, चर्चमधून थेट आलेली, अंगावर चांगले कपडे. दुसऱ्या बाजूला कॅम्पची. पुढे कंपनीचे मालक हसन, ज्यांना सगळे अर्बाब म्हणायचे, आणि त्यांच्या कानाशी पर्सोनेल मॅनेजर. शैलाबाईंनी आधी इंग्रजीत आणि मग आपल्या लोकांसाठी मराठीत सांगितलं.

वसईचा गट हा सुस्थितीतला गट आहे. घरात उत्तम फर्निचर, पाहुणचारावर मोकळा खर्च, दागिने. घराच्या मदतीची निकड नाही. कोकणचा गट उत्पन्नाने मागे आहे, पण समाधानाने पुढे आहे. गरजा कमी, कॅम्पविषयी तक्रार नाही, कुटुंब आणण्याची इच्छा नाही. सबब दोन्ही गटांना फॅमिली क्वार्टर देण्याचं सध्या कारण दिसत नाही.

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. आमच्या बाजूचे लोक सुस्थितीतले म्हटल्यावर सुखावले होते, आणि त्या बाजूचे समाधानी म्हटल्यावर काय करावं हे न सुचून टाळ्या वाजवत होते. मॅनेजरच्या चेहऱ्यावर तर सण होता. एका पैशाचा खर्च नाही आणि दोन्ही बाजू खूश.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले. मॅक्सिमने पदर ओढायला हात पुढे केला, पण मी त्या दिवशी ड्रेस घातला होता.

हसन अर्बाबला हिंदी चांगलं यायचं, म्हणून मी हिंदीतच बोलले. "अर्बाब, मेरे घर का सोफा मेरा नहीं है। वो केल्विन का है। जो प्लेट मेरे घर में देखा, वही प्लेट लिनेट के घर में देखा। एक ही सेट है, पूरी बिल्डिंग में घूमा है। मॅडम ने एक ही सोफा दो बार लिखा।"

मागे खुर्च्या करकरल्या. जेनेट "मार्गारेट" एवढंच म्हणाली, पण त्यात पुढची दोन वर्षं न बोलण्याची तयारी होती. मला पर्वा नव्हती. मी म्हटलं, आम्ही भाडं भरून महिन्याच्या वीस तारखेनंतर डाळभात खातो, हेही लिहा. आम्ही पाहुणीला केक दिला म्हणून आम्ही श्रीमंत? आणि ह्यांनी तुमच्यापुढे गाऱ्हाणं घातलं नाही म्हणून हे सुखी? माणसाला चांगलं वागणं एवढं महागात पडावं?

"भिकाजी," मी म्हटलं, "आता तू सांग."

तो उठला आणि माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "बाय, तुमीच सांगा. माका जमाचा नाय."

"मी माझं सांगितलं. तुझं मी का सांगू?"

कठोर वाटेल, पण मला त्याचाही राग आला होता. एवढा मोठा माणूस, चौथ्या मजल्यावरून एसीचं आउटडोअर युनिट दोरीने खाली घेतो, आणि आपल्या लग्नाच्या बायकोविषयी एक वाक्य बोलायला दुसऱ्याची बाई हवी?

भिकाजीने कॉलर सारखी केली. अर्बाबकडे बघून त्याच्या त्या मोडक्या हिंदीत सुरू केलं. "अर्बाब, एसीवालों को गर्मी में छुट्टी नहीं मिलता। हमको छुट्टी मिलता जानेवारी में। हमारा गणपती आता गर्मी में, जब इधर सबका एसी बिगडता। लग्न होके चौदा साल हुआ। घर के गणपती को मैं एक बार भी नहीं था। आरती मेरा भाई करता, बाजू में मेरा औरत खडा रहता।" तो थांबला. पुढचं हिंदीत येईना म्हणून की काय, मालवणीतच बोलला, आणि ते मात्र खणखणीत बोलला. "बाईन इचारल्यान, गरज आसा काय. सात जणांसमोर काय सांगू? माका माझी बायल हयसर व्हयी. माझां चेडू व्हयां, सोनल व्हयी. आता लिवा."

कँटीनमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. त्याच्या खोलीतला धनेश, नुकतं लग्न करून आलेला, खाली मान घालून बसला होता. मग तोही उभा राहिला. मग आणखी एक. काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले.

हसन अर्बाब माणूस वाईट नव्हता. त्यांनी मॅनेजरकडे वळून अरबीत काही विचारलं, मॅनेजरने कानात उत्तर दिलं, आणि अर्बाबने ते लपवायचं ठरवलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा. "बहन," ते मला म्हणाले, "वो बिल्डिंग तो फेब्रुवारी में किराये पे दे दिया। एक होटल का स्टाफ रहेगा। खलास।"

फेब्रुवारीत. शैलाबाई आल्या एप्रिलमध्ये.

म्हणजे घरं देऊन झाल्यावर कुणाला हवीत ते विचारायला आले होते. आम्हाला एकमेकांविरुद्ध तोललं, चर्चबाहेर आणि कॅम्पमध्ये तोंडं वाकडी करायला लावली, ते सगळं फाईलमध्ये एक अहवाल असावा म्हणून. मी शैलाबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनाही ठाऊक नसावं. मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू?

"मेरे पास घर नहीं," अर्बाब भिकाजीला म्हणत होते, "लेकिन तुम एड्रेस लाओ, व्हिसा का कागद मैं आज साइन करेगा। यल्ला, चलो।"

भिकाजी हसला. ते हसू मला बघवेना. रुवीत फ्लॅट घ्यायचा तर त्याचा निम्म्याहून जास्त पगार गेला असता.

"एड्रेस मेरा लिखो," मी म्हटलं.

मागून केल्विनचा आवाज आला, "अगं, दोन खोल्यांत दोन संसार?" आणि मग मॅक्सिम उठला. मला वाटलं, आता हा मला खाली बसवतो. त्याने मुलाला, डॅरेलला, कडेवरून खाली ठेवलं आणि म्हणाला, "बाहेरची खोली त्यांना देऊ. भाडं वाटून घेऊ. केल्विन, तू तुझा सोफा संध्याकाळी घेऊन जा."

अर्बाबने तिथेच सही केली. शैलाबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, हे मी अहवालात जोडू शकते." मी म्हटलं, "जोडा. पण कोणत्या गटात घालाल ते आधी ठरवा." आणि ताट न उचलता बाहेर पडले.

भिकाजी माझ्या मागोमाग आला. कोपऱ्यावर फोनचं बूथ होतं. "बाय, वाईच थांबा," तो म्हणाला. "ती इस्वास ठेवची नाय." उन्हाने बूथचा पत्रा तापला होता. त्याने कार्ड घातलं, नंबर फिरवला, आणि पलीकडे प्रेमाने उचलल्याबरोबर तिचा आवाज मला बाहेर ऐकू आला. अवेळी फोन आला म्हणून ती घाबरली होती. "काय झाला? कोणाक काय झाला?"

"कोणाक काय नाय झाला," भिकाजी म्हणाला. "तुका हयसर येवचा आसा. सोनलक घेवन." मग त्याने रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"प्रेमा, मी मार्गारेट. खरं सांगतोय तो. माझ्या घरी राहायचंय तुम्ही."

अगदी हळू, शेजारी कुणी ऐकेल अशा भीतीने, तिने विचारलं, "बाय, मी त्येंका खरांच व्हयी काय ओ? आजपर्यंत कधी बोलूक नाय."

चौदा वर्षं! मला दोघांच्याही मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते वेगळंच.

"अगं, आत्ता भरल्या कँटीनमध्ये सगळ्या कंपनीला सांगून आलाय," मी म्हटलं. "फक्त तुलाच सांगायचं राहिलंय." आणि रिसीव्हर त्याच्या हातात कोंबून मी बूथचं दार बाहेरून लावून घेतलं.