असर ते पाच

आमच्या अंगणात बाभळीची एक काठी रोवलेली आहे, अब्बांच्या हातानं, माझ्या जन्माच्याही आधी. मी मोटरसायकल आत घेताना ती हमखास आडवी येते. दोनदा मी धक्का देऊन ती वाकवली आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली.

"उपटून टाका की अब्बा," मी म्हणालो होतो. "आता नमाजच्या वेळांचा छापील तक्ता मिळतो, मोबाईलवर वेळ येते."

"तक्ता कुनाला बघून छापला?" एवढंच विचारून अब्बांनी काठी पुन्हा सरळ केली.

अब्बा म्हणजे बाबाजान, पुणतांब्यातले जुने सुतार. गेली चाळीस वर्षं मशिदीतल्या फळ्यावर नमाजच्या वेळा खडूनं तेच लिहितात. तक्त्यातली वेळ आणि काठीची सावली जुळली की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान येतं, जणू सूर्यानं त्यांचं ऐकलं. असर म्हणजे दुपारनंतरची नमाज, तिची वेळ या सावलीवर ठरते. भर दुपारची आखूड सावली वेगळी धरायची, तिच्यावर काठीच्या दुप्पट सावली लांबली की असर झाली. हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं, पण कधी खाली वाकून मोजलं नव्हतं.

कशाला मोजू? मी सोलर बसवणारा माणूस. शिर्डीतल्या हॉटेलांच्या गच्च्यांवर माझ्या हातची पॅनेलं आहेत. जूनमध्ये घरावरही पॅनेलं चढवली, खाली बॅटरी बसवली आणि अ‍ॅपमध्ये वेळा लावून दिल्या. संध्याकाळी पाचनंतर वीज महाग होते. म्हणून पाचपर्यंत उन्हानं बॅटरी भरायची आणि पाचला घर बॅटरीवर टाकायचं. एकदा लावलं आणि विसरून गेलो. लोकांना मी छाती फुगवून हेच सांगायचो, की परवेझनं बसवलं की पुन्हा हात लावावा लागत नाही.

बॅटरी घेतली ती खरं तर अम्मीसाठी. अम्मीनं, म्हणजे खातूननं, गावरान पिल्लांचा धंदा करायचा म्हणून अंडी उबवायचं मशीन आणलं होतं. मे महिन्यात पहिली बॅच लावली. अठराव्या दिवशी लाइन गेली ती दुसऱ्या दिवशीच आली. अम्मीनं एकेक अंडं फोडून पाहिलं. आत पूर्ण झालेली पिल्लं होती, चोची आणि नखांसकट, थंड. तिनं परसात खड्डा केला, सगळी पुरली आणि मशीनवर चादर टाकली. बॅटरी आल्यावरही चादर निघायला सहा महिने लागले. डिसेंबरमध्ये तिनं स्वतःच्या कोंबड्यांची एकशे ऐंशी अंडी आत ठेवली आणि मला सांगितलं, "ही बॅच गेली तर मशीन भंगारात घाल. माज्याच्यानं पुन्यांदा पिल्लं पुरनं व्हनार न्हाई."

सातव्या दिवशी तिनं मला आतल्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं. टॉर्चवर एक अंडं धरलं. आत तांबड्या शिरांचं जाळं पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध मोहरीएवढा ठिपका उडत होता. ते काळीज होतं. मी विजेचा माणूस, दिवसभर तारा जोडतो. पण ही जोडणी कुणी केली असेल, या विचारानं माझ्या अंगावर सरसरून काटा आला. अम्मी मात्र अंडं जागेवर ठेवून पुढचं उचलू लागली.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. विसाव्या दिवशी आभाळ भरून आलं.

दुपारी पाऊण वाजता अ‍ॅपमध्ये बॅटरी एक्केचाळीस टक्के दिसत होती. अब्बा जुहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजला निघाले होते. दारात थांबून म्हणाले, "परवेझ, लाइनीतून भरून घे. आता सस्ती हाय तवर."

"पाचपर्यंत ऊन भरंल अब्बा. ढग जातील."

"ढग जातील, पन दिवस जूनचा व्हईल का? सूर्य कुटं गेलाय ते बगितलं का तू? असर झाली की ऊन थकतं."

"आज सावली तरी हाय का? तुमची असर आज कळनार कशी?" मी चेष्टेनं विचारलं.

"कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हातं व्हय?" म्हणत ते निघून गेले. अम्मी मशीनपाशी बसून आमचं बोलणं ऐकत होती. तिनं मशीनच्या काचेवर हात ठेवला, आणि तेच मला लागलं. मी रागारागानं मोटरसायकल काढून राहात्याला कामावर गेलो.

ढग गेले नाहीत. राहात्याच्या गच्चीवर मी सारी दुपार वर बघत होतो. फोन खिशातच ठेवला, कारण वाईट बातमी पाहिलीच नाही तर ती होत नाही, अशी माझी एक सोयीस्कर समजूत आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही. साडेपाचला घरी पोचलो, चहाचा कप हातात घेतला आणि गल्लीतली गिरणी बंद पडली, लाइन गेली होती. उसाच्या ट्रॉलीनं कालव्याच्या चारीजवळचा खांब आडवा केला होता. गल्लीतून कुणीतरी ओरडून सांगितलं की आता पहाटेशिवाय आशा नाही.

मी मनातल्या मनात आकडा मांडला. अशा ढगाळ दिवसात पाचपर्यंत साठ टक्के भरली असेल फार तर, त्यातली थोडी वापरलीही गेली असेल. बाकी घर बंद ठेवलं तरी मशीन जेमतेम मध्यरात्रीपर्यंत चाललं असतं. मग थंडी, आणि परसातला तो दुसरा खड्डा. अम्मी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"किती ऱ्हायली?" तिनं विचारलं.

मी फोन उघडला. स्क्रीनवर अठ्ठ्याऐंशी टक्के दिसत होतं. अ‍ॅप अडकलं असेल म्हणून मी बंद करून पुन्हा उघडलं. तरी अठ्ठ्याऐंशीच. बॅटरीपाशी धावत गेलो, तिच्यावरच्या दिव्यांनीही तेच सांगितलं.

"हे कसं झालं?" मी मोठ्यानं विचारलं.

माझी बायको कैनात चुलीपुढून उठून आली; अ‍ॅप तिच्याही मोबाईलवर होतं. "चार बावीसला लाइनीतून भरायला लागली, पाचला थांबली," ती म्हणाली. "वेळा बगा की."

जूननंतर मी त्या वेळांच्या पानावर गेलोच नव्हतो. तिथं माझी एकच ओळ असायला हवी होती. तिच्याखाली लाइनीतून भरण्याची एक नवी ओळ होती, आणि ती किती वेळा बदलली त्याची नोंद अ‍ॅपनं ठेवली होती. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी चार अठ्ठावन्न. मग दर शुक्रवारी थोडं थोडं खाली, नोव्हेंबरात चार सोळापर्यंत. तिथं दोन आठवडे तसंच, आणि मग पुन्हा वर: चार सतरा, चार एकोणीस, काल शुक्रवारी चार बावीस.

"अब्बा दर जुम्म्याला वेळ सांगायचे, मी भरायची," कैनात म्हणाली. "असर पाचच्या आत सरकली तवाच म्हनाले, ऊन थकल्यापासून पाचपतोर वीज सस्तीच हाय, तेवड्यात उन्हाचं ऱ्हायलेलं लाइनीतून भरून घ्यायचं. भरलेली असली तर घेनार न्हाई, कमी असली तर घेईल."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी ऐकलं असतं?"

ती नोंद मी पुन्हा वरून खाली पाहिली. कुठं तो सूर्य, कुठं आमचं अंगण, आणि मध्ये एक वाकडी काठी. तिच्या जोरावर त्या म्हाताऱ्यानं ढगाआडच्या सूर्याचा नेमका क्षण धरून ठेवला होता. मोबाईलला हात न लावता माझ्या मोबाईलमध्ये नेऊन बसवला होता. मला स्वतःची लाज वाटली आणि तिच्याहून मोठं काहीतरी वाटलं.

आम्ही घरातलं बाकी सगळं बंद केलं. तेवढ्यात मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली. लाइन नसल्यानं भोंगा बंद होता, नुसत्या गळ्यातून आवाज आला. पिठाची गिरणी, टीव्ही, मोटारी, सगळं गप्प होतं, म्हणून तो आवाज कोपऱ्याकोपऱ्यात पोचला. अजान संपली आणि त्या शांततेत मशीनच्या आतून चिवचिव ऐकू आली. एकही कवच फुटलेलं नव्हतं. बंद अंड्यांतून पिल्लं एकमेकांना हाका मारत होती. अम्मीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

लाइन पहाटे तीनला आली. तोवर बॅटरीत थोडी धुगधुगी शिल्लक होती.

सकाळी कवचं तडकायला लागली. दुपारपर्यंत एकशे एकावन्न पिल्लं निघाली, ओली, धडपडणारी आणि नंतर कापसासारखी फुललेली. अब्बा आले आणि मशीनच्या काचेपुढे उकिडवे बसले. चाळीस वर्षं सूर्याला हिशेब विचारणारा हा माणूस, एक चोच कवचाला भोक पाडताना तोंड उघडं टाकून बघत होता. "सुभानल्ला," ते पुटपुटले, आणि काचेच्या आणखी जवळ सरकले.

मी अम्मीला म्हणालो, "मग मशीन भंगारात घालू का?"

"गप ऱ्हा," ती म्हणाली. "फुडची बॅच कवा लावायची ते तुज्या अब्बांना इचारून सांग."

आभाळ मोकळं झालं होतं. असरच्या सुमाराला अब्बा खडू घेऊन अंगणात आले. माझ्या मोटरसायकलची सावली नेमकी काठीच्या सावलीवर पडली होती. मी गाडी ढकलत बाहेर रस्त्यावर नेऊन लावली, परत आलो आणि त्यांच्याशेजारी खाली वाकलो.

"अब्बा, मोजायचं कुटून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसता हात पुढे केला आणि खडू माझ्या हातात दिला.