रस्सीचं दुसरं टोक

दोन महिन्यांत वहिनींशी कुणी भांडलं नव्हतं, आणि आता त्यांना ते सहन होईनासं झालं होतं.

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत त्या पाणी तपासायच्या. त्यांचा नवरा खात्याच्या रस्सीखेच संघातला शेवटचा गडी. रस्सीचं टोक काखेतून पाठीवर आणि पाठीवरून खांद्यावर घेऊन तो जमिनीत रोवल्यासारखा उभा राहायचा, म्हणून सगळे त्याला खुंटा म्हणायचे आणि त्याची बायको म्हणून त्यांना वहिनी. उपांत्य सामना जिंकून परत येताना संघाची गाडी पुलावरून खाली गेली. आठही जण गेले.

त्या दिवसापासून सगळं शहर मऊ पडलं. रांगेत लोक वहिनींना हाताला धरून पुढे नेत. भाजीवाली वजन करताना काट्याकडे बघेनाशी झाली. वहिनींनी एकदा प्रयोग म्हणून अहवालात पाण्यात टाकायच्या क्लोरीनचा आकडा दहापट लिहून साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी "छान, छान" म्हणत सही ठोकली. तो कागद वहिनींनी स्वतःच फाडला, नाहीतर सगळ्या शहराचे डोळे चुरचुरले असते.

आणि सासूबाई! स्वयंपाकघरातल्या खिडकीवरून दोघींचं नऊ वर्षं वाजत होतं. वहिनींना ती उघडी हवी, सासूबाईंना बंद. आता सासूबाई सकाळी उठून आपणहून खिडकी उघडत आणि शाल घट्ट लपेटून वाऱ्यात बसत. वहिनी ती लावायला गेल्या, की म्हणत, "असू दे, असू दे. तुला आवडते ना?" हे ऐकलं की वहिनींना हातातलं भांडं आपटावंसं वाटे. पण आपटलं असतं तरी सासूबाई "चांगलं आपटलंस" असंच म्हणाल्या असत्या.

अशात एका संध्याकाळी स्पर्धेचे सेक्रेटरी आणि पोस्टाच्या संघाचा कॅप्टन घरी आले. कॅप्टनला सगळे मिशा म्हणत, कारण चेहऱ्यावर दुसरं काही फारसं दिसतच नसे. अंतिम सामना पोस्ट विरुद्ध पाणीपुरवठा असाच ठरलेला होता.

"नियमाप्रमाणे पोस्टाला पुढे चाल मिळते," सेक्रेटरी घसा खाकरत म्हणाले. "पण पोस्ट ढाल घ्यायला तयार नाही."

"ढाल तुमची, वहिनी," मिशा म्हणाला. "खुंटा असता तर जिंकलाच असता."

"असं म्हणता येत नाही. सात सामने झाले तुमचे. चार ह्यांनी जिंकले, तीन तुम्ही."

"अहो, पण आता..."

"ह्यांनी सख्ख्या आईला पत्त्यांत कधी जिंकू दिलं नाही. त्यांच्या नावानं फुकटची ढाल भिंतीवर लावू मी?"

"रडवायचा मला," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

वहिनींनी नियमांची पुस्तिका मागून घेतली आणि पाण्याचा नमुना निरखावा तशी वाचली. "कलम सहा. संघात खात्याचे कर्मचारी अथवा त्यांचे कुटुंबीय."

"ते सहलीच्या सामन्यासाठी घातलं होतं हो," सेक्रेटरी कळवळले.

"पण लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग आम्ही खेळतो. आई, तुम्हाला काय वाटतं?"

वहिनी आशेने बघत राहिल्या. वेड लागलंय का तुला, असं काहीतरी त्यांना ऐकायचं होतं.

"तू म्हणशील तसं," सासूबाई म्हणाल्या.

आठ जण जमले. वहिनी, सासूबाई, बाकीच्या गड्यांपैकी तिघांच्या बायका, दोघांच्या बहिणी आणि संघातल्या पंपवाल्याचे निवृत्त वडील. सगळे त्यांना काका म्हणत. काकांचा एकच प्रश्न होता, एका हातात काठी धरली तर चालेल का?

संघाचं एकूण वजन सहाशे चाळीस किलोच्या वर जाता कामा नये, असा नियम. त्यामुळे रविवारी सकाळी खात्याच्या गोदामात, तुरटीची पोती मोजायच्या काट्यावर सगळ्यांची वजनं झाली. सासूबाई चपला काढून, चष्मा काढून आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या.

"अठ्ठ्याहत्तर," वहिनी म्हणाल्या.

"काटा खोटा आहे."

"काटा कालच तपासलाय मी."

सासूबाईंनी तोंड उघडलं. वहिनींचा जीव हरखला. पण सासूबाईंनी तोंड मिटलं, सुनेच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "बरं, तू म्हणतेस तर अठ्ठ्याहत्तर."

एकूण भरलं चारशे सत्त्याऐंशी. पोस्टाचा संघ सहाशे चाळीसला अर्धा किलो कमी.

मैदान पाण्याच्या टाकीमागे होतं. खात्याचीच एक पाइप तिथे गेली काही वर्षं गळत होती, त्यामुळे ते बारा महिने चिखलाचं. बघायला निम्मं शहर लोटलं होतं आणि एकजात सगळे रुमाल हातात घेऊन आले होते. खुंट्याच्या जागी वहिनी उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढे सासूबाई.

"उचला," पंच म्हणाले. "ताणा. ओढा!"

वहिनींनी डोळे मिटून टाचा रोवल्या आणि जोर लावला. रस्सी आली. अगदी सहज, दोरीवरचा वाळलेला कपडा ओढून घ्यावा तशी. मधली लाल फीत डुलत डुलत त्यांच्या बाजूला सरकली. पलीकडे पोस्टाचे आठ दांडगे गडी "आई गं", "मेलो" असं ओरडत घसरत होते. एक जण तर ओरडता ओरडता जांभई देऊन गेला. मिशाने गुळगुळीत तळाचे लग्नातले बूट घातले होते. पंचांनी शिट्टी फुंकली. लोकांनी टाळ्या वाजवत डोळे टिपले.

"ही खेच रद्द करा," वहिनी म्हणाल्या.

"अहो, जिंकलात तुम्ही!"

"दीडशे किलोचा फरक आहे. दगड उताराच्या उलटा गडगडला, तर तुम्ही टाळ्या वाजवाल?"

पंचांनी पुस्तिका चाळली. जिंकणाऱ्यानेच तक्रार केली तर काय करायचं, याचं कलम त्यात नव्हतं.

मिशा चिखल तुडवत आला. "वहिनी, काय चुकलं आमचं? मोठ्या मनानं..."

"मन नका लावू, जोर लावा. दोन महिने झाले, समोरून कुणी ओढतच नाही हो. मी जोर लावते आणि उताणी पडते. तुमच्यासमोर हे उभे असते, तर हे बूट घालून आला असतात?"

मिशा बूट चिखलात लपवू लागला. त्यावर अठ्ठ्याहत्तर किलोंमधून असा आवाज निघाला, की टाकीवरची कबुतरं उडाली.

"अरे मिशाळ्या! माझ्या पोराच्या खांद्यावर वळ उठवलेस तू, तेव्हा नाही रे दया आली? काढ ते बूट! आणि तो जांभई देणारा कोण आहे? त्याच्या आईला ओळखते मी!"

मग मिशाने बूट काढले, मोजे काढले, बाह्या सरसावल्या. त्याच्यामागे सातही जणांनी. खेच रद्द झाली.

"उचला. ताणा. ओढा!"

या वेळी रस्सी आली नाही. ती लोखंडाच्या कांबीसारखी ताठ झाली आणि तिचा पीळ वहिनींच्या पाठीत रुतला. समोर कुणीतरी होतं. खरंखुरं, पूर्ण वजनाचं. वहिनींच्या घशातून कसलासा आवाज फुटला, तो हुंदका होता की हुंकार, त्यांनाही कळलं नाही. काकांनी काठी फेकून दिली. सासूबाई पोस्टाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. फीत चक्क जागची हलेना. वहिनी मनात सेकंद मोजत होत्या. नऊ, दहा, अकरा...

बाराव्याला आठही जण एका माळेत तोंडावर आले.

दुसऱ्या खेचेला सातव्याला. सामना पोस्टाने जिंकला. चिखलातून काका ओरडले, "अकरा सेकंद! अकरा सेकंद धरलं आपण!" आणि एक बहीण खिदळायला लागली. मग दुसरी. मग चिखलाने माखलेल्या त्या आठांतलं कोण हसतंय आणि कोण रडतंय, हे ओळखायला प्रयोगशाळाच लागली असती. ढाल घेताना मिशा मात्र ढसाढसा रडत होता, त्यात शंका नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी सुनेला पाठमोरं बसवलं. काखेपासून खांद्यापर्यंत लालभडक वळ उठला होता. असाच वळ त्याच्या पाठीवर यायचा आणि वहिनी मलम लावायच्या. त्याच बाटलीतलं मलम सासूबाईंनी बोटावर घेतलं. खांद्यापर्यंत ते हलक्या हाताने चोळलं.

"टाच चुकली तुझी," मग सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"तिरकी रोवायची असते. तो तिरकी रोवायचा. तू आपली सरळ! आणि मुळात शेवटी मी उभं राहायला हवं होतं. वजन माझं जास्त."

"वजन? तुम्ही तर काटा खोटा म्हणालात!"

"खोटाच आहे तो. पण तुझ्यापेक्षा जास्त आहे, एवढं कळायला काटा कशाला हवा?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलू दिलंस का तू? आली मोठी कलम सहावाली!" सासूबाईंनी मलमाचं झाकण फिरवलं, तरातरा उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकी धाडकन लावून घेतली. "आणि हा वारा! नऊ वर्षं सांगतेय!"

वहिनी उठल्या. पाठ ठणकत होती. त्या आत गेल्या आणि त्यांनी खिडकी सताड उघडली.